कोंडाजीच्या बिऱ्हाडाचा चार्जर

लोधिवलीच्या कोंडाजीने ट्रक चालवायचा सोडला आणि वर्षाच्या आत दुसरी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं गावाचं एकमत झालं. गाडी म्हणजे एका औषधवाल्या कंपनीने काढून टाकलेली जुनी मेटाडोर. तिच्यात कोंडाजीने फळ्यांची बाज ठोकली, स्टोव्हपुरता कोनाडा केला, छोटा पंखा आणि एक दिवा बसवला. माल भरायचा नाही, माणसं घ्यायची नाहीत, नुसतं नवराबायकोने तिच्यात बसून फिरायला जायचं, हे ऐकून लोक आधी हसले आणि मग काळजीत पडले. पोरी सासरी, घरात दोनच माणसं, आणि त्यांना हे सुचावं! गावाने गाडीचं नाव 'बिऱ्हाड' ठेवलं आणि आपापल्या कामाला लागलं.

कोंडाजीच्या लेखी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याने उभी हयात साताऱ्याच्या वाटेवर ट्रक नेला. खंबाटकीच्या पायथ्याला एका विहिरीपाशी त्याचा मुक्काम ठरलेला. त्या विहिरीच्या पाण्याचं कौतुक त्याने बायकोला इतकं ऐकवलं होतं की, बाहेरून तहानून आलेला माणूस घरचं पाणी प्यायला लाजावा. आणि इंदूबाई तर बोरघाटसुद्धा चढली नव्हती. घाटाचे डोंगर अंगणातून दिसायचे, तेवढाच तिचा प्रवास. तिला एकदा ती विहीर दाखवायची, दुसरं काही नाही.

इंदूबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गाडीत रातभर दिवा जळत राहिला तर येईन, अंधारात मी निजणार नाय, असं तिने सांगितलं. तिला अंधाराचं भय होतं हे आळीला ठाऊक होतं. नवरा गाडीवर असला की तिच्या घरातली चिमणी उजाडेपर्यंत तेवत असायची. तरी शेजारच्या गौराबाईने लगेच अर्थ लावला, की हिला जायचंच नाय, म्हणून ही अट. कोंडाजीलाही मनातून तसंच वाटलं आणि फार वाईट वाटलं. पण अट म्हणजे काही नकार नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं.

मग अंगणातच परीक्षा झाली. पहिल्या रात्री कोंबडा आरवायच्या आधीच दिवा लाल होऊन मेला. बॅटरी जुनी नव्हती, पण उभ्या गाडीत तिला भरणार कोण? कोंडाजी ती उचलून खोपोलीला सखाच्या बॅटरीच्या दुकानात नेऊ लागला. भरून आणायची, दिवा लावायचा, की पुन्हा खोपोली. शेवटी सखाच वैतागला. "नाना, चार्जर घेऊन टाका," म्हणाला. "घरीबी लावा, वाटेत ढाब्यावरबी लावा."

सखाकडे दोन तऱ्हेचे होते. एक साधा, वायर लावली की चालू. दुसऱ्याला गोल खटका, त्यावर एकपासून सहापर्यंत आकडे. आकडा वाढवला की बॅटरीकडे जोर जास्त जाणार. साधा घेतला तर लोधिवलीची वीज त्याला पुरणार नाही, असं सखाचं म्हणणं पडलं. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. गजाची भाताची गिरणी सुरू झाली की गावातले दिवे पिवळे पडायचे, आणि साजगावचे कारखानेही त्याच वेळी वीज ओढत असायचे. तेव्हा गिरणी चालू असली की खटका पाचावर, बंद असली की दोनावर, हे विसरू नका, असं सखाने बजावलं.

कोंडाजीने एवढं ऐकलंच नसतं तरी त्याने तोच घेतला असता. गिअर नसलेल्या यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने सखादेखत खटका सहा वेळा खाली-वर करून पाहिला, प्रत्येक आकड्याला कट्ट वाजतंय याची खात्री केली आणि चार्जर मांडीवर घेऊन एसटीने घरी आला. त्या रात्री बिऱ्हाडातला दिवा सकाळपर्यंत जळला. कोंडाजीने बायकोला उठवून दाखवला. ती बघून नुसतं "बरं" म्हणाली. दसऱ्याला सोनं वाटून निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कोंडाजीचं सगळं आयुष्य या दिवसाला बांधलेलं. हत्यारं पुजायची आणि दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तरुणपणी त्याच्या क्लीनरने पुजलेला पाना उचलून एक नट आवळला होता आणि दसऱ्यालाच बोरघाटात ब्रेक गेले होते. तेव्हापासून या बाबतीत कोंडाजीशी कोणी वाद घालू शकत नव्हतं. त्याने नांगराचा फाळ, कोयते, विळी, जॅक, पाने मांडले. मधोमध चार्जर. आता इतर यंत्रं लोक बंद करून पुजतात. पण चार्जरचा लाल दिवा विझवून त्याला फूल वाहायचं हे कोंडाजीला बरं दिसेना, मेल्यासारखं दिसतं म्हणे. शिवाय उद्या निघायचं, बॅटरी तुडुंब हवी. म्हणून त्याने खटका सवयीने पाचावर टाकला, तार बॅटरीला जोडली आणि चालत्या चार्जरला हळदकुंकू लावलं. इंदूबाई कामाला पक्की, तिने मीटरलाही लावलं, मेनस्विचलाही, बॅटरीच्या तारांनाही आणि चार्जरच्या भिंतीतल्या पिनेलाही.

दुपारी घरातला दिवा दुधासारखा पांढरा झाला. आज वीज खूश दिसते, असं कोंडाजी म्हणाला. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. गिरणी बंद. गजानेही गिरणी पुजली होती. कारखान्यांतही पूजा. गावात वीज खाणारं कोणी उरलंच नव्हतं, आणि खटका पाचावर!

बॅटरीत रटरट सुरू झालं, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. असंच चाललं तर सांजेपर्यंत बॅटरी खलास, आणि बॅटरी गेली की विहीरही गेली, कारण इंदूबाईची अट जशीच्या तशी होती. कोंडाजीने हात पुढे केला. खटक्यावरचं कुंकू बघून मागे घेतला. मेनस्विच, पीन, बॅटरीच्या तारा, जिथे बघावं तिथे कुंकू. मग तो चपला घालून तडक गजाकडे गेला आणि घटकाभर गिरणी चालव, म्हणजे वीज खाली येईल, अशी त्याने विनवणी केली. गजाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. पुजलेली गिरणी चालवायची? नानांनीच आपल्याला खंडेनवमी शिकवली, याची त्याने अदबीने आठवण करून दिली. कोंडाजी आल्या पावली मागे फिरला.

तो जळक्या वासाची तयारी ठेवून परत आला, तर अंगणात शांत. चार्जरचा लाल दिवा विझलेला. पीन जमिनीवर पडलेली, तिच्यावरचं कुंकू फिसकटलेलं. इंदूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या अंगठ्याला कुंकू होतं.

"पुजल्याली व्हती ती," कोंडाजी म्हणाला.

"मला ठावं हाय. मीच पुजली." तिने सुपातला खडा शोधून बाहेर टाकला. "भात उतू जाया लागला तर मी देवाची वाट बघते का? इतकी वर्सं तुमी कुटं जाऊन निजत व्हता ते मला बघायचं हाय. बॅटरी जळली असती तर तुमी म्हनला असता, पुडल्या वर्सी."

कोंडाजी तिच्या शेजारी ओसरीवर बसला. हिला जायचंच नाही हा गौराबाईचा आणि आपला अंदाज किती चुकला, हे त्याला मोजता येईना. तोही सुपातले खडे वेचू लागला.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड घाट चढलं. ब्रेक गेले होते त्या वळणावर कोंडाजीचा जीव मुठीत होता. इंदूबाई खिडकीतून खालची गावं बघत होती, तिला त्या वळणाचं काही पडलं नव्हतं. वळण गेलं. घाट संपला. काही झालं नाही.

सांजेला खंबाटकीच्या पायथ्याला तिने विहिरीचं पाणी प्यायलं आणि घरच्यासारखंच आहे म्हणाली. जेवण झालं. कोंडाजीने दिवा लावला, पुसून लख्ख केला आणि सकाळपर्यंत जळेल अशी ग्वाही दिली. इंदूबाई बाजेवर आडवी झाली, भिंतीकडे सरकली, त्याला जागा करून दिली.

"तो दिवा बंद करा," ती म्हणाली. "डोळ्यावर येतो."

"अगं, पन अंधार..."

"तुमी हाय ना हितं."

त्याने दिवा बंद केला. चार्जर पुढे साताऱ्याला जाऊन परत येईपर्यंत पोत्यातून बाहेर निघाला नाही.