कोरड्या विटा

गवंड्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. एक तर त्याची भिंत सुतासारखी सरळ, आणि दुसरं म्हणजे त्याच्या मानेला वाकणं ठाऊक नव्हतं. कोणी चूक काढली की तो खिशातून दोरीला वजन बांधलेला ओळंबा काढायचा, भिंतीला लावायचा आणि चकार शब्द न बोलता त्या माणसाकडे बघत राहायचा. माणूस गुमान निघून जायचा. त्याच्याशी हुज्जत घालायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

बायको त्याच्याच हाताखाली काम करायची, लग्न झाल्यापासून. तो वर, ती खाली पाण्याच्या पिंपापाशी. विटा पिंपात सोडायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत बसायचं, मग काढून निथळू द्यायच्या, त्यांच्यावरून हाताची उलटी बाजू फिरवायची आणि म्हणायचं, “घ्या आता.” तो न बघताच हात पुढे करायचा आणि हातात वीट यायची.

या बुडबुड्यांच्या कौतुकाचा गवंड्याला भारी राग. “अगं, विटा लावायच्यात, त्यांना न्हाऊ घालायचं नाही! कालवलेला माल कोणासाठी थांबत नसतो!” असं तो चारचौघांत ओरडायचा. माणसं हसायची. तीही हसायची, पण तिच्या मनासारखी भिजल्याशिवाय वीट काही वर जायची नाही. हट्टात ती नवऱ्याला वरचढ होती, फक्त तिचा हट्ट कोणाला दिसत नसे.

पुढे त्यांची मुलगी सासर सोडून परत आली, ती कायमचीच. दोन खोल्यांच्या त्या घरात ती स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून झोपायची. आईच्या जिवाला ते लागलं. मागच्या मोकळ्या जागेत पोरीला तिची खोली हवी, आतून कडी लावता येईल अशी, हा तिनं ध्यासच घेतला. “गावभर भिंती बांधत फिरता, पोरीसाठी चार बांधा की!” गवंडी म्हणायचा, “हे हातातलं काम संपू दे.” हातातलं काम कधी संपलंच नाही, आणि मग तिचं आजारपण आलं. बोलायला दम पुरेनासा झाला तेव्हाही तिनं खोलीचंच काढलं. “बांधतो,” गवंडी म्हणाला. “शपथ.”

ती गेली. गवंड्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. दुखवट्याला आलेली माणसं पांगताच त्यानं विटा मागवल्या. माणसाचं काळीज आहे की दगड, असं शेजारणी कुजबुजल्या. त्यानं मदतीला कोणालाही घेतलं नाही. मुलगी दिवसभर शिवणकामाच्या दुकानात असायची. मागे तो एकटा, थापी आणि दोरी.

काम नेहमीसारखं होत नव्हतं, हे त्याला जाणवत होतं. माल पसरून वीट ठेवावी तर खालचा माल लगेच आळायचा. दोरीला आणायला वीट जरा सरकवावी तर ती हलायची नाही. ऊन फार आहे, तो स्वतःशी म्हणाला. हात म्हातारे झाले, असंही म्हणाला, आणि घमेल्यातल्या मालात आणखी पाणी ओतलं. संध्याकाळी ओळंबा लावून पाहिला. भिंत सरळ होती.

छप्पर चढायचं बाकी होतं, तेव्हाच मुलीनं आईचा आरसा आणला. “हा इथं लावायचा, बाबा.” गवंड्यानं सांध्यात खिळा ठोकला. दुसऱ्याच ठोक्याला वीट सुटून त्याच्या हातात आली.

त्यानं ती उलटी करून पाहिली. मालाचा एक कणही तिला चिकटलेला नव्हता. भट्टीतून निघाली तशी कोरी करकरीत होती. त्यानं शेजारची ओढली, तीही आली. मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. वाळूवाल्याचा उद्धार झाला, सिमेंटवाल्याचा झाला. मुलीनं एक वीट हातात घेतली.

“बाबा, विटा भिजवल्या होत्या ना?”

पिंप कोपऱ्यात उपडं पडलं होतं. बायकोनं अंथरूण धरलं त्या दिवशी ठेवलं होतं तसंच, धुळीनं माखलेलं.

माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? कोरडी वीट मालातलं पाणी पिते, मग माल विटेला धरत नाही, हे तो नवख्या गवंड्यांना दमात घेऊन सांगायचा. पण त्याच्या स्वतःच्या हाताला आजवर कोरडी वीट मिळालीच नव्हती. हाताला एवढंच ठाऊक, की वीट घ्यायची आणि लावायची. त्याआधीचं सगळं तिचं होतं, ते तिच्याबरोबर गेलं. जन्मभर तो ओळंबा दाखवून मिरवला, आणि त्या भिंती उभ्या होत्या त्या तिच्या पिंपावर. एकदा तरी तिला तसं म्हणायला हवं होतं.

त्यानं भिंत उतरवली. हातोडी लागलीच नाही.

पिंप धुऊन मुलीनं भरलं. गवंड्यानं विटा आत सोडल्या आणि पिंपापाशी, बायको बसायची तिथंच, उकिडवा बसला. बारीक सूं सूं आवाज करत बुडबुडे वर येत होते. हा आवाज त्यानं इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. बुडबुडे थांबले. त्यानं विटा काढून निथळत ठेवल्या, ताजा माल कालवला, पहिल्या थरासाठी पसरला आणि न बघता हात पुढे केला.

हात तसाच राहिला.

मुलीनं एकदा बापाकडे पाहिलं. मग वाकून विटांवरून हाताची उलटी बाजू फिरवली, एक उचलली आणि त्या हातात दिली.

“घ्या आता, बाबा.”

वीट गार होती, जड होती. गवंड्यानं ती लावली नाही. छातीशी धरून तो होता तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा मोठमोठ्यानं रडू लागला. मुलगी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. घमेल्यातला माल वाळून दगड झाला, तरी दोघं तिथून हलली नाहीत.