बाभळीचे दोन काटे

ती केस माझ्या मनातून कधी गेलीच नाही. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिंद्रुडच्या बाजूला मोटार रिवाइंडिंग करणारे एक चाचा रिकामी कुंडी घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, माझं निवडुंग चोरीला गेलं."

ठाणे अंमलदार हसला. खरं सांगतो, मीही हसलो. बांधावर फुकट उगवणाऱ्या काट्याची फिर्याद कोण घेणार? चाचा म्हणाले, "हे बांधावरचं न्हाई साहेब. ब्राझीलकडची जात हाय. बी पेरून अकरा वर्सं सांभाळलं. औंदा पहिल्यांदा कळी धरायलं होतं." त्यांनी रिकामी कुंडी पोटाशी धरली तेव्हा माझीच मला लाज वाटली. गुन्हा नोंदवला आणि त्यांच्या गच्चीवर पाहणीला गेलो. हिरव्या जाळीखाली तऱ्हेतऱ्हेचे काटेरी गोळे होते. प्रत्येकाची माती बोटानं चाचपून मगच चाचा पाणी घालत, तेही पंधरवड्यातून एकदा.

आठवड्यानं कृषी सेवा केंद्रवाल्यानं खबर दिली, "एक बागायतदार काटेरी गोळ्यासाठी कुजीचं औषध मागायलाय. कुठून आणला म्हणलं तर बोलंना."

गोदाकाठचा बडा माणूस, पुढाऱ्यांत ऊठबस. त्याच्या ओसरीत झाड सापडलं, आणि भल्या माणसानं मोसंबीसारखं त्याला ठिबक लावलेलं! बुडखा मऊ पडला होता. ठाण्यात समोर बसवलं तर म्हणाला, "पुण्याहून आणलंय." पाणी किती देता, विचारलं. "रोज. उन्हाळ्यात झाड तहानलेलं ठेवायला मी काय कसाई हाय?"

हा पाळणारा नव्हे, हे मी तिथंच ओळखलं. पण ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे. तोवर वरून दोन फोनही येऊन गेले होते.

ओळख पटवायला बोलावलेल्या चाचांनी जप्त केलेलं झाड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. "कूज वर चढायलीय साहेब. आज न्हाई कापलं तर मेलं. आन् कापलं तर पुरावाबी दिसंल. ह्यो गोळा फड्या निवडुंगाच्या खुंटावर कलम केलाय. मी कलम बाभळीच्या काट्यानं टाचतो. सांध्यात दोन काटे हायत, तिरपे."

मी आधी तेवढाच जबाब लिहून घेतला, मग दोन पंच बोलावले. बागायतदारासमोर चाचांनी सांध्यावर पातं फिरवलं. आत दोन काटे, तिरपेच. वरच्या गोळ्याचा गर पांढरा स्वच्छ होता, कूज तिथवर पोचली नव्हती. पंचनाम्यावर सह्या झाल्या तशी बागायतदारानं चोरी कबूल केली. "ह्यांची झाडं बघायला गेलतो, मन फिरलं," एवढंच बोलला. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो मोठमोठ्या गुन्ह्यांतही झाला नव्हता.

गोळा रीतसर सुपूर्दनाम्यावर चाचांना दिला. त्यांनी तो नव्या फड्यावर बसवला. टाचायला काटे मी स्वतः आवारातल्या बाभळीचे मोडून दिले.

चोराला वस्तू उचलता येते, ती सांभाळायची रीत उचलता येत नाही. पुढं प्रत्येक फिर्यादीला वस्तू कशी दिसते याआधी मी विचारू लागलो, ती ठेवता कशी? माझ्या कितीतरी तपासांना या एका प्रश्नानं वाट दाखवली.

कलम धरलं. पुढच्या हंगामात कळी उमलायला लागली तसा चाचांचा फोन आला. मी धापा टाकत गच्चीवर पोचलो, तर ते कुंडीकडं पाठ करून उभे होते. म्हणाले, "बारा वर्सं थांबलो, आनखी एक घडी थांबलो. आधी तुमी बघा साहेब."