देवली आणि देवळाली

शुद्धलेखनाच्या बाबतीत मी भारी खाष्ट. नाशिकच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मुलांच्या वह्या लाल करून सोडायचे. कारगिलच्या वर्षी शाळेने युद्धांच्या आठवणींची पुस्तिका काढायची ठरवली. संपादक अर्थात मीच.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ एका चिनी बाईंचं पार्लर होतं. मी तिथेच केस कापायचे. त्या जन्मल्या आसामात, पण मराठी आपल्यासारखं बोलायच्या. पुस्तिकेचं कळल्यावर त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. 'बासष्टला आम्हाला देवलीला नेलं. वडील तिथेच वारले.'

काय म्हणावं, इतकी वर्षं नाशकात राहून शेजारचं देवळाली लिहिता येईना! मी लगेच दुरुस्त केलं. 'आम्हाला नेलं'चं 'आम्ही गेलो' केलं, वाक्य जरा बरं दिसावं म्हणून.

छापलेली पुस्तिका घेऊन त्या शाळेत आल्या. "बाई, देवळाली नाही हो. देवली, राजस्थानातलं. चीनशी लढाई झाली म्हणून पोलिसांनी आम्हाला घरातून उचललं, तारेच्या कुंपणात ठेवलं. मी नऊ वर्षांची होते. आपल्याच सरकारने, बाई."

बासष्टला आपण कसे फसलो, हे मी दरवर्षी वर्गात कळवळून सांगायचे. हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नव्हतं. पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करते, असा शब्द दिला.

दुसरी आवृत्ती तीन-चार वर्षांनी निघाली. मुख्याध्यापक म्हणाले, "शहिदांच्या पुस्तकात हे कशाला? खरं असेलही, पण शोभत नाही."

एरवी एका वेलांटीसाठी मी त्यांच्याशी दिवसभर वाद घातला असता. त्या दिवशी 'बरं' म्हटलं आणि दोन्ही वाक्यं काढून टाकली. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

मग वर्षभर केस दुसरीकडे कापले. एकदा द्वारकेला रिक्षा शोधताना त्या समोरच आल्या. आता चांगली खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, ती जुनी पुस्तिका मिळेल का? माझी पावसात भिजली."

"पण त्यात चूक आहे हो," मी म्हणाले.

"असू दे. वडील वारले, एवढं तरी आहे ना त्यात."