सावली पाडणारं कार्ड

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला डाव्या बाजूने ओव्हरटेक केलं नाही, आणि ज्यांनी त्यांना केलं त्यांना अजून माफ केलेलं नाही. सगळी नोकरी त्यांनी शहराच्या लाल बसवर काढली, त्यातली निम्मी डबलडेकरवर. आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातून बस काही उतरलेली नाही. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. गॅलरीतून नळाकडे निघाले की जिन्यापाशी थांबणार, उजवीकडे बघणार, डावीकडे बघणार, आणि मग हात बाहेर काढून वळणार. मागून बादली घेऊन येणाऱ्या बायकांनी तोवर ताटकळायचं. टॅक्सीत पुढे बसले तर पायाखाली नसलेला ब्रेक इतक्या जोरात दाबतात की टॅक्सीवालाच दचकून गाडी थांबवतो. अंतर ते स्टॉपमध्ये मोजतात. मटणवाला दीड स्टॉपवर, देऊळ अर्ध्या स्टॉपवर, आणि मामींचं माहेर 'शेवटचा स्टॉप, पुढे गाडी जात नाय.' कंडक्टर या जमातीबद्दल मात्र त्यांचं मत कधीच बरं नव्हतं. "एक घंटी मारली की थांब, दोन मारल्यो की चल. ह्यां काय काम? ह्यां तर माझी बायल पण करता," असं ते म्हणायचे, आणि आतून मामी भांडं आपटून एक घंटी द्यायच्या.

मला ते चारचौघांत 'जावयबापू, तुम्ही' म्हणतात. पण बोलता बोलता रंगात आले की मालवणीवर घसरतात आणि 'मेल्या, तू' सुरू होतं. माझ्या बायकोला हे ऐकून संकोच वाटतो. मला आवडतं. 'मेल्या' म्हटलं की समजावं, मामा आता मनातलं बोलतायत.

तर हे मामा एका मे महिन्यात आमच्या दादरच्या खोलीवर आंबे घेऊन आले होते, आणि माझ्या मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला. कोणी परदेशी माणूस स्वतःच्या घरात, टेबलाला स्टिअरिंग बांधून, खाली पेडलं ठेवून, समोरच्या पडद्यावर बस चालवत होता. कॉम्प्युटरवरचा खेळच तो. मामांनी आंब्यांची पिशवी खाली न ठेवता पूर्ण बघितला. बस एका झाडांच्या रस्त्याला लागली, आणि फांद्यांच्या सावल्या काचेवरून उतरून, स्टिअरिंगवरून, त्या माणसाच्या हातांवर असाव्यात अशा सरकत गेल्या. मामा म्हणाले, "मेल्या, ह्यां माका व्हयां." सत्तरी ओलांडलेला माणूस गेमिंग कॉम्प्युटर बांधायला निघाला, हे ऐकून सगळी भावकी हसली. मीही हसलो, पण मनातून खूश झालो. कारण आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणजे मी. एकदा मी साहेबांच्या मुलीला लॅपटॉप निवडून दिला होता आणि तो अजून चालतो, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर सगळं मामांच्या माथी जाईल. कॉलेजात असल्यापासून मलाही असा कॉम्प्युटर बांधायचा होता. अजून बांधलेला नाही. कारण घ्यायला निघालो की कळतं, पुढच्या महिन्यात याहून चांगलं येतंय. मग मी थांबतो. मला थांबण्याचा नाद आहे म्हणा ना. घरासाठी असाच थांबत राहिलो आणि आजही भाड्याच्याच खोलीत आहे. अशा माणसाला मामांनी आपला सल्लागार नेमलं.

बाकीची खरेदी आठवड्यात उरकली. एका बाजूला काच असलेला कॅबिनेट आला, मदरबोर्ड आला, प्रोसेसर आला, स्टिअरिंग आणि पेडलं आली. राहिलं फक्त ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उभं करणारा भाग. आम्ही घेतलेल्या प्रोसेसरला ते लावल्याशिवाय काही म्हणजे काही दिसणार नव्हतं. मी मामांना तासभर समजावलं. त्यांनी दोन मिनिटांत सगळं बसच्या भाषेत उतरवून घेतलं. कार्डाची मेमरी म्हणजे सीटा. वेग म्हणजे पिकअप. वीज खातं ते डिझेल. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात सेल्समन कौतुकाने म्हणाला, "काका, याला बारा जीबी मेमरी आहे," तर मामा म्हणाले, "त्या सीटा झाल्या. चढावर दम टाकतो काय, ता सांगा." एका कार्डाला तीन पंखे बघून त्यांनी विचारलं, "इंजिन गरम होतं वाटतं?" सेल्समनने मान्य केलं की होतं. असं खरं त्याच्या तोंडून आजवर कुणी वदवलं नसेल.

मग त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर तोच बसचा खेळ लावून दाखवला. मामा पडद्यापुढे नाक लावून बसले. रस्ता झाडांचा आला. "सावली अडखळता," मामा म्हणाले. खरंच, सावली जरा धक्के खात पुढे येत होती. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "पण असू दे. आपल्या हिंदमाताच्या उतारावर कमी धक्के होते काय? जावयबापू, घेऊन टाकू या."

आणि मी म्हणालो, "मामा, थांबा. दोन महिन्यांत नवीन येतंय. त्यात सावली लोण्यासारखी सरकेल."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात परत गिळलंय, मलाच ठाऊक.

दुकानातून निघालो तर ते मला घेऊन थेट वडाळ्याच्या बसमध्ये बसले आणि पाच बागा म्हणतात तिथे उतरले. भर दुपार होती. तिथली ती जुनी मोठी झाडं, आणि खाली रस्ताभर पसरलेली सावली. "बावीस वर्षं ह्या रस्त्यान गाडी नेलंय," ते म्हणाले. "उन्हातून ह्या झाडांखाली गाडी शिरली की सावली पहिली काचेवर, मग स्टिअरिंगवर, मग हातावर. एवढो एकच तुकडो, चार मिनटांचो. त्या चार मिनटांसाठी मी दिवसभराच्या शिव्या खाय." मग बाकावर बसून, समोर बघत, मामींना सांगू नका अशी शपथ घालून त्यांनी सांगितलं की त्यांना काचबिंदू आहे. थेंब चालू होते. पण गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली किती दिवस राहील सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. कडा गेल्या होत्या, मधलं शाबूत होतं. "म्हणजे आरसे गेले, जावयबापू. समोरची काच तेवढी आहे," मामा म्हणाले. "ती आहे तोवर एकदा गाडी चालवायची आहे. थांबायला माझी ना नाही. तुम्ही जाणकार. फक्त किती थांबायचं ते सांगा."

आता कुणीही सांगेल, त्या क्षणी उठून परत लॅमिंग्टन रोडला जायला हवं होतं. अडखळणारी तर अडखळणारी, सावली विकत घ्यायला हवी होती. पण मी काय केलं? मी त्यांना धीर दिला. "अहो, हल्ली थेंब घालून लोक वर्षानुवर्षं काढतात. दोन महिन्यांनी काय होतंय?" माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांबद्दल किती सहज बोलतो! वर मला असंही वाटत होतं की ज्याला एकदाच बघायचंय त्याने उत्तमच बघावं. माझा हेतू वाईट नव्हता. पण त्या हेतूचं आता लोणचं घालायचंय?

दोन महिन्यांचे चार झाले आणि नवीन कार्ड बाजारात आलं ते पितृपक्षात. आम्ही आणायला निघालो तर मामींनी घराच्या दारातच हात आडवा धरला. "पंधरा दिवस नवीन वस्तू घरात येणार नाय म्हणजे नाय. तुमच्या बापाशीक पान वाढायचा सोडून खेळणी कसली आणतास?" मीही म्हटलं, चला, दसऱ्यालाच घेऊ, मुहूर्त साधेल. दसऱ्याच्या आधी दुकानात गेलो तर माल संपलेला. तरी खंडेनवमीला मामांनी पूजा चुकवली नाही. नोकरीत असताना दरवर्षी ते बसला झेंडूचा हार घालत. या वर्षी कॅबिनेटला घातला, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, पेडलांसमोर नारळ फोडला. कधीही चालू न झालेला कॉम्प्युटर हार घालून, काचेतून कार्डाची रिकामी जागा दाखवत उभा होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला चाळीतले लोक येऊन सोनं देऊन जात आणि विचारत, "मामा, गाडी कधी रस्त्यावर?" मामा माझ्याकडे बोट दाखवत. "आमचे कंट्रोलर सोडतील तेव्हा."

दिवाळीत माल आला, तर मी कुठेतरी वाचलं की त्या कार्डाचा ड्रायव्हर खराब आहे. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, तो सुधारून यायला महिना लागणार होता. मी हे मामांना फोनवर सांगितलं. पलीकडून आवाज आला, "ड्रायव्हर खराब नसता, मेल्या. रस्तो खराब असता." मी खूप हसलो. तेही हसले. संक्रांतीला गेलो तेव्हा त्यांनी तिळगूळ माझ्या हाताशेजारी, हवेतच ठेवला. लाडू खाली पडला. "ब्रेक लागलो नाय," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. तेव्हाही मी हसलो. आता आठवतं, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कार्डाचा विषयच काढला नव्हता. नेहमी मी चप्पल काढायच्या आत ते विचारायचे.

होळीनंतर एका सकाळी मामींचा फोन आला. शपथ केव्हाच निरर्थक झाली होती. "जावयबापू, ह्यांना ताटातली भाकरी दिसना. हातान चाचपतत. माका काय एक सांगूक नाय, तुमका ठाऊक होता काय?" डॉक्टरीणबाईंनी उजेड-अंधार कळेल, तेवढंच राहील असं सांगितलं. कुणाचा दोष नाही, असंही त्या म्हणाल्या. त्यांना कार्डाची गोष्ट माहीत नव्हती.

त्या दुपारी मी ऑफिसातून रजा टाकून लॅमिंग्टन रोडला गेलो आणि सेल्समनने पहिलं जे कार्ड पुढे केलं ते घेतलं. नाव वाचलं नाही, पंखे मोजले नाहीत. दहा महिने जे जमलं नाही ते दहा मिनिटांत झालं. लालबागला येऊन कॅबिनेट उघडला तर आत दसऱ्याच्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या. त्या काढल्या, कार्ड बसवलं, बटण दाबलं. पडदा उजळला. पलंगावर बसलेल्या मामांनी मान वर केली. "उजेड इलो," ते म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून स्टिअरिंगपुढे बसवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी गोल चाचपलं, पायांनी पेडलं शोधली, पाठ ताठ केली. खेळ सुरू झाला, इंजिनाचा आवाज आला आणि त्यांचा चेहरा क्षणभर असा काही फुलला की मला वाटलं, जमतंय! गिअर पडला, बस निघाली, आणि पहिल्याच वळणावर फुटपाथवर चढून खांबाला धडकली. नोकरीत ज्या माणसाने साधा आरसा कधी फोडला नाही, त्याने अपघात केला. मामा उठले, शेजारचं स्टूल चाचपून त्यावर बसले आणि मला म्हणाले, "तू बस."

"मला येत नाही, मामा."

"माका येता मा. बस तू."

मी बसलो. त्यांनी मामींकडून स्टीलचा पेला मागून घेतला आणि चमचा. इंजिनाच्या आवाजावरून ते मला गिअर सांगत गेले. "आता टाक तिसरो. ऐकू येत नाय काय, गाडी रडता ती!" त्या परक्या गावातले रस्ते त्यांनी आपल्या नावांनी घेतले. हा परळ नाका, हे खोदादाद सर्कल, आता उजवीकडे घे. योगायोग असेल, पण उजवीकडे वळलो आणि झाडांचा रस्ता लागला. मी स्टॉपवर गाडी उभी केली. पडद्यावर दुपार होती. सावली काचेवरून खाली उतरून स्टिअरिंगवर आली होती आणि पानं हलत होती तशी हलत होती. कुठेही अडखळत नव्हती.

पानं सळसळल्याचा आवाज मामांनी ऐकला असावा. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "सावली पडता मा रे?"

"पडते, मामा."

"कशी पडता? सांग बघू."

दहा महिने मी या कार्डांबद्दल वाचत होतो. सावलीचा कुठला गुणधर्म कुठल्या कार्डात किती, हे मला तोंडपाठ होतं. आणि आता शब्द सुचेना. पानांच्या मधून जे उन्हाचे ठिपके येतात त्यांना काय म्हणायचं, ते आधी हातावर येतात की मांडीवर, काहीच धड सांगता येईना. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा हं, सांगतो."

मामा हसले. अगदी मनापासून, 'मेल्या' म्हणताना हसतात तसे.

"आता आणि कित्याक थांबूचां?" ते म्हणाले आणि त्यांनी चमच्याने पेल्यावर दोन घंट्या मारल्या.