रोज कोरा येणारा कागद

सुपडूनाना कामावर आले की आधी चपला काढायचे. एका हातात चपला धरून सरळ स्लॅबवर अनवाणी चढायचे. धुळ्याचा उन्हाळा, दुपारचे चार, सिमेंट तव्यासारखं तापलेलं. चार पावलं चालले की त्यांच्या तळपायाला कळायचं, आज पाणी मारलंय की नाही. मग वाकून नखानं कोपरा खरवडायचे, नखात काही आलं का बघायचे, आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "उखा, आज काय नही व्हयनं, ते आधी सांग."

काय झालं ते त्यांनी कधीच आधी विचारलं नाही. ते म्हणायचे, झालेलं मला दिसतं, न झालेलं तुला सांगावं लागतं.

मी सोनगीरचा. मिस्तरीकाम करत मुकादम झालो. शाळा तिसरीपर्यंत. मराठी वाचतो, लिहितो, हे लिहितोय तेही माझ्याच हातानं. पण इंग्रजीचं अक्षर मला तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. माझ्या हाताखाली चाळीस-चाळीस माणसं होती. त्यांच्यासमोर ‘मला येत नाही’ हे शब्द मी उभ्या जन्मात काढले नाहीत.

नाना आमच्या ठेकेदाराकडे, भाऊसाहेबांकडे, अंदाजपत्रकं करायचे. नकाशा समोर ठेवला की वीट किती, सळई किती, वाळू किती ब्रास, सगळं एका बैठकीत. त्यांची माझी पहिली गाठ भडगावच्या शाळेच्या कामावर पडली. मी गिरणेची वाळू आणवली होती आणि छाती फुगवून उभा होतो. नानांनी खिशातून औषधाची रिकामी बाटली काढली, मूठभर वाळू टाकली, पाणी ओतलं, हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. "चहा पी," म्हणाले. चहा संपेपर्यंत बाटलीत वाळूवर बोटभर गाळ बसला होता. नानांनी बाटली तेवढी माझ्या हातात दिली. मी ट्रक परत पाठवला. त्या दिवसापासून मी त्या माणसाला मानलं.

रोजचा अहवाल तेच लिहायचे. कामं जवळपास असली तर राजदूत फटफटीवर, लांब असली तर एसटीनं यायचे. मी तोंडानं सांगायचं, त्यांनी वहीत लिहायचं. माणसं किती आली, पोती किती फुटली, पाणी मारलं का. एकदा मी म्हणालो, "नाना, कशाला उन्हात येता? मी चिठ्ठी पाठवत जाईन." ते हसले. "कागदले डोया नहीत रे भो. माले तुन्हं तोंड दखनं पडस." माझं तोंड बघितल्यावर मी खोटं बोललो तर त्यांना कळायचं. दोनदा बोललो होतो, दोन्हीदा कळलं.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. एकाच वेळी सहा कामं चालू होती. अंदाजपत्रकही त्यातच व्हावं आणि साइटचा अहवालही त्यातच यावा, अशी प्रोग्रामची मागणी होती. पारख करायला नाना. मी त्या दिवशी हजेरीचे कागद द्यायला ऑफिसात गेलो होतो. चपला बाहेर काढून दाराशी उभा राहिलो.

दोन कंपन्यांची माणसं आली होती. पहिल्यानं नाशिकहून आणलेला प्रोग्राम दाखवला. नानांनी त्याला भडगावच्या शाळेचे आकडे दिले. अंदाज बरा आला, पण नानांच्या आकड्यापेक्षा कमी. नाना म्हणाले, "नदीतून ट्रकपर्यंत वाळू गाढवांवर आणली होती. ते यात कुठं आहे?" तो बिचारा खरं बोलला, "ते तुम्हाला हातानं घालावं लागेल." अहवालाचंही तसंच. रोज सकाळी कागद कोरा उघडायचा. सगळी घरं भरल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. ऑफिसचा कारकून तिथंच कुरकुरला, "सहा साइट्स रोज पहिल्यापासून भरायच्या? मला घरी जायचंय की नाही?" सगळे हसले. नाना नाही हसले.

दुसरा पुण्याचा. टाय लावलेला. याच्या यंत्रात गाढवांचा खर्चही होता. अंदाजपत्रक इतकं भराभर आलं की भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. मग अहवाल. तो म्हणाला, "यात रोज भरायची कटकटच नाही साहेब. कालची सगळी माहिती आज आपोआप येते. जे बदललं तेवढं बदला, की झालं. स्लॅबला किती दिवस पाणी झालं, तेही हाच मोजतो. दिवस भरले की सांगतो, सेंटरिंग काढा."

"आनि बदललं नही तर?" नानांनी विचारलं.

"तर कालचंच राहतं."

नानांनी पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग भाऊसाहेबांना म्हणाले, "भाऊ, हाई नको. नाशिकनं घ्या. माले रोज कोरा येनारा कागद पायजे."

"नाना, तुमचं वय झालं," भाऊसाहेब प्रेमानंच म्हणाले. "आता उन्हात नका हिंडू. गार हवेत बसा, हा सगळं सांगेल."

पुण्याचंच घेतलं. नाना बाहेर आले, माझ्याशेजारी उभं राहून चपला घालू लागले. एक चप्पल घातली आणि थांबले. "उखा, त्या यंत्राले न व्हयेल काम माहीतच पडाव नही." मी मान हलवली. मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं रुसणं वाटलं.

पुढं मला साक्रीकडच्या एका गावात सभागृहाचं काम मिळालं. समोर मोठा सज्जा होता, खाली एकही खांब नाही, नुसता भिंतीतून बाहेर आलेला. नानांचं येणं बंद झालं होतं. सज्जा ओतला त्याच दिवशी ऑफिसातून छापील कागदांचा गठ्ठा आला. चौदा घरं, वरती सगळं इंग्रजीत. रोज संध्याकाळी भरून धुळ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. इंजिनियर महिन्यातून एकदा यायचा. त्यानं पाणी मारायच्या पहिल्या दिवशीचा कागद स्वतः भरला आणि विचारलं, "मिस्तरी, जमेल ना?"

गवंडी, बिगारी, पाणी वाहणाऱ्या बाया, सगळे ऐकत होते.

"त्यात काय," मी म्हणालो.

पहिला कागद मी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आणि रोज तोच बघून उतरवला. आकडा तसाच, अक्षराचं वळण तसंच. तारीख तेवढी बदलायची. तिकडं कारकूनही कालचंच पुढं ढकलत होता. मी कागद उतरवत होतो आणि यंत्र मला.

सज्ज्याला तीन दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी गावची विहीर आटली. टँकर येतो म्हणाले, आला नाही. वर अंगार, खाली कोरडा सज्जा. मी ओली पोती टाकली, तीही वाळून कडक झाली. कागदावर मात्र पाणी रोज होतं. हे कुठल्या घरात आहे तेच मला ठाऊक नव्हतं, मग बदलू काय? फोन करून सांगता आलं असतं. पण मग विचारलं असतं, कागदावर कसं लिहिलं?

अकरा दिवस असे गेले. पंधराव्या दिवशी सकाळी गावातल्या किराणा दुकानात कारकुनाचा फोन आला. "मिस्तरी, कॉम्प्युटर सांगतो चौदा दिवस पुरे झाले. सज्ज्याखालचं सेंटरिंग काढा." सज्जा कोरडा आहे हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "बरं."

त्याच सकाळी नाना ऑफिसात आमच्या साइटचे कागद चाळत होते. हे मला कारकुनानं नंतर सांगितलं. चौदा दिवस, रोज बावीस माणसं. मध्ये दोनदा आमच्या गावचा आठवडेबाजार येऊन गेला होता. बाजाराच्या दिवशी आमच्याकडं एकही बिगारी कामाला येत नाही, हे खानदेशात सगळ्यांना माहीत आहे, यंत्राला नव्हतं. "बजारना दिन बी बावीस माणसं?" एवढंच नाना म्हणाले, आणि समोर आलेली साक्रीची एसटी धरली.

ते पोचले तेव्हा सज्ज्याखालच्या टेकूच्या निम्म्या बल्ल्या काढून झाल्या होत्या. नाना फाट्यापासून पळतच आले असावेत, शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी चपला काढल्या नाहीत. मी प्रथमच त्यांना चपलांसकट कामावर चढताना बघितलं.

"उखा, पानी मारेल व्हतं का?"

बाया टोपल्या धरून थांबल्या. सगळे माझ्याकडं बघत होते.

"कागदावर आहे ना, नाना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. नुसतं बघितलं, आणि त्यांना कळलं. सज्ज्याच्या कडेला नख लावलं तर राखेसारखी पूड खाली आली. "भाहेर निंघा! बठ्ठा भाहेर!" ते ओरडले. माणसं पळाली. आतल्या कोपऱ्यात भिका नावाचा बिगारी एका बल्लीवर घण घालत होता, त्याला ऐकू गेलं नाही. नाना आत गेले, त्याला धक्का देऊन बाहेर लोटलं. वर काहीतरी तडकलं. फार मोठा आवाज नव्हता तो. मग धूळ. नाना बाहेर आले नाहीत.

चौकशी झाली. भाऊसाहेब म्हणाले, प्रोग्राममध्ये चूक होती. इंजिनियर म्हणाला, कारकुनाची चूक होती. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मी अडाणी माणूस, कागदातलं मला काय कळतं. जन्मभर जे तोंडातून काढलं नव्हतं, ते त्या दिवशी स्वतःची कातडी वाचवायला काढलं. आणि लोकांनी मानलं.

नानांची बाटली माझ्याकडं आहे. भिका दर दिवाळीला येतो, पाया पडतो, आणि मी पाय मागं ओढतो.

नाना, आज काय नाही झालं ते आधी सांगतो. पाणी मारलं नाही. अकरा दिवस मारलं नाही. मला कागद वाचता आला नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही.