धोंड्याचा महिना

"बाळाचं डोकं फार मोठं आहे. आत पाणी साचलं असावं," जळगावचे सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणाले. त्यांनी ठिपके टाकले, तशी मशीननं पडद्यावर डोक्याभोवती आपोआप गोल रेघ काढली. सून रडू लागली.

"महिना नक्की सातवाच?" डॉक्टरांनी विचारलं.

"सातवाच," मी म्हटलं. "चैत्र ते आश्विन, मीच मोजलेत."

"यंदा मधे अधिकाचा, धोंड्याचा महिना होता ना?"

"होता. तो कशाला धरायचा? त्यात कुठलं शुभकार्य होत नाही."

"अक्का, पोटातलं पोर त्या महिन्यात वाढायचं थांबतं का?"

त्यांनी पुन्हा मोजलं. आठव्या महिन्याच्या मानानं डोकं बरोबर होतं. चूक माझी होती. परतीच्या एसटीत सून माझ्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसली. पुढे नात झाली, चांगली धडधाकट.