पितृपक्षात आलेली खोकी

दूध संघाच्या सर्व्हर खोलीत मी एकटीच बाई, आणि खोलीही माझीच. निदान मी तसं समजत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घेतलं जातं, फॅट मोजली जाते, आणि तो सगळा हिशेब आमच्या मशीनवर चालतो. मशीन बंद म्हणजे बायाबापड्या किटल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि संस्थांचे सेक्रेटरी फोनवरून माझा उद्धार करायला मोकळे.

म्हणून मी संचालक साहेबांच्या वर्षभर मागं लागले होते. आणखी सर्व्हर घ्या, पण जुन्यात ज्या कंपनीचा प्रोसेसर आहे त्याच कंपनीचे घ्या. तसं असलं की एका सर्व्हरवरचं चालू काम न थांबवता दुसऱ्यावर नेता येतं. धावत्या एसटीतली माणसं न उतरवता दुसऱ्या एसटीत बसवल्यासारखं. मग पहिला खुशाल उघडा, दुरुस्त करा, रांगेतल्या बाईला कळतही नाही. प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा असला की सगळं आधी बंद करावं लागतं. हे मी इतक्यांदा सांगितलं की चहा आणणाऱ्या शिपायालाही पाठ झालं होतं.

सर्व्हर आले, पण ऐन पितृपक्षात. साहेबांच्या मेहुण्यानं आणून दिले. साहेब म्हणाले, या पंधरवड्यात नव्या वस्तूला हात लावायचा नाही, खंडेनवमीला पूजा करूनच उघडू. खोकी गोदामात कुलपात गेली. नुसतं बघू तरी द्या, चुकीचं निघालं तर बदलून घेता येईल, असं मी म्हटलं, तर शिकलेल्या बायकांना देवाधर्माचं काही वाटत नाही, हे मलाच ऐकून घ्यावं लागलं.

खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, पेढे, सगळं साग्रसंगीत झालं. खोकी उघडली आणि मी आधी आत वाकून पाहिलं. प्रोसेसर दुसऱ्याच कंपनीचा! परत द्यायची मुदत गोदामातच संपली होती, आणि कुंकू लागलेला माल परत घेतोय कोण? मेहुण्यानं हात वर केले. सर्व्हर मागितलासा, सर्व्हरच दिलाय की, म्हणाला आणि पेढा तोंडात टाकला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी, संकलन ऐन भरात असताना, जुन्या सर्व्हरची मेमरी चुका दाखवायला लागली. तसंच चालू ठेवलं असतं तर लोकांच्या दुधाचे आकडे बिघडले असते. शेजारी नवे सर्व्हर रिकामे बसलेले, वर वाळलेले हार. चालू काम त्यांच्यावर नेता येईना. मी जीव मुठीत धरून सगळं बंद केलं आणि नव्यावर पहिल्यापासून सुरू केलं. एकेक संस्था पुन्हा जोडेपर्यंत अंधार पडला. टँकर खोळंबले, काही गावांत दूध नासलं. हुपरीकडच्या एका सेक्रेटरीनं मला जे ऐकवलं, ते मी आईलाही सांगितलेलं नाही.

बैठकीत खापर माझ्यावरच फुटलं. बाईनं भर संकलनात सिस्टीम बंद केली, एवढंच सगळ्यांच्या तोंडी. मेहुण्याचं नावही निघालं नाही. मी पुन्हा तेच दोन प्रोसेसरांचं रामायण सांगायला लागले, तर साहेब खुर्चीत रेलले.

"मॅडम, सून परक्या घरातनंच येती की. नांदती का न्हाय?"

सगळे हसले. मी सासर सोडून माहेरी राहते हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून तर हसले. माझं टाळकंच सरकलं.

"नांदती की, साहेब," मी म्हटलं. "पर आदी तिला पार बंद पाडावं लागतंय."

साहेबांनी पुढचा विषय घेतला. त्याच आठवड्यात माझी बदली गारगोटीच्या चिलिंग सेंटरवर झाली. सर्व्हर खोली आता मेहुणा बघतो. संकलन अडकलं की तोच मला फोन करतो, ताई म्हणतो. वाटतं, फोन भिंतीवर आपटावा. पण उचलते, काय करायचं ते सांगते. किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईनं माझं काय वाकडं केलंय?